सांजच्या यष्टीचा ढावलो

एप्रिल लागला की आमच्या बोरी अरबमध्ये दोन आवाज सोबतच सुरू होतात. एक कूलरच्या पत्र्याचा, दुसरा लग्नातल्या डीजेचा. डीजे तांड्यावर वाजत असतो, मधे कितीतरी शेतं, पण त्याचा दणका हवेतून येत नाही, जमिनीतून येतो. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरायला लागतो. गेल्या आठवड्यात मी पत्रक लिहीत बसले होते आणि ग्लास थरथरला. शब्द ऐकू यायच्या आधीच मला गाणं कळलं.

चालली वो माय, सांजची यष्टी चालली,
खिडकीची काच तिची माह्या हाती राह्यली.

मी उठून खिडकी लावून घेतली. एप्रिलमध्ये खिडकी लावून बसणं म्हणजे काय, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

पत्रकाचा नियम असा की मागणी पहिल्या ओळीत यावी. लोक पत्रक उभ्याउभ्या वाचतात आणि मग त्यात भजी बांधून घेतात. तेव्हा इथंही सांगून टाकते. यवतमाळहून निघून बोरी अरबवरून आत तांड्यापर्यंत जाणारी संध्याकाळची एसटी परत सुरू करा. मागणी एवढीच. खाली जे लिहिते आहे ते त्या एका उन्हाळ्याचं आहे, ज्यात आमचं गाणं हिट झालं आणि गाडी आली नाही.

त्या गाडीला स्वतःचा एक वास होता. डिझेल, तेलकट मिरचीभजी, ओली पोती, आणि हिवाळ्यात कापसाचा तो कोरडा, नाकात हुळहुळणारा वास. वेचणीवरून परतणाऱ्या बायांच्या लुगड्यांना चिकटलेला कापूस सीटवर राहायचा आणि कॉलेजच्या पोरींच्या काळ्या लेगिंगला लागायचा. घरी जाऊन तो एकेक वेचून काढावा लागे. तांड्यावरची रोहिणी मागच्या चाकावरच्या सीटवर बसायची, तिथं गचके सगळ्यात जास्त. खिडकीची सैल काच खडखडायची आणि त्या खडखडीवर ती काहीतरी गुणगुणायची. बीएस्सीला होती. मी तिच्या दोन वर्षं पुढं. आमची ओळख कॉलेजात नाही, त्या सीटवर झाली.

तिच्या घरी एक अट होती. याडी, म्हणजे तिची आई, मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "यष्टी हाय तवर कॉलेज. यष्टी गेली का संपलं." ही बाई दुष्ट नव्हती. फाट्यापासून तांडा बराच आत आहे, वाटेत नाला आहे, आणि नाल्याच्या पुलावर संध्याकाळी बाटल्या घेऊन बसणारी मंडळी आहे. दुपारची गाडी प्रॅक्टिकलच्या आधी निघते. संध्याकाळची गाडी तांड्याच्या चिंचेखाली आणून सोडायची. आईनं हिशेब आपल्या डोळ्यांनी पाहून केला होता.

आणि मग एका सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी आली नाही. यवतमाळच्या डेपोत विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, "प्रवासी नाईत, बंद केली." आम्ही प्रवासी त्याच्यासमोर उभे होतो.

आमचा बँड तेव्हा होता. नाव डवरा. कपाशीच्या तासातलं तण काढायचं औजार. नाव मी ठेवलेलं. गिटारवर नदीम, यवतमाळातल्या एका इंजिन मेकॅनिकचा मुलगा. ड्रमवर आयटीआयचा एक पोरगा, जो बोलायचा कमी आणि वाजवायचा गरजेपेक्षा जास्त. गाणारी रोहिणी. शब्द माझे. सराव नदीमच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये, ऑइलच्या काळ्या जमिनीवर, एकीकडे ट्रकचं इंजिन उघडं पडलेलं.

"मॅडम, डवरा काय नाव हाय," नदीम म्हणायचा. "पब्लिक को लगेगा कृषी प्रदर्शन का प्रोग्राम हाय."

माझी गाणी त्याला सोसायची नाहीत. माझ्या प्रत्येक कडव्यात एखादा शासन निर्णय असायचा. तो कागद हातात घेऊन गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "याच्यात सूर किधर टाकू? जागाच नाई."

गाडी बंद झाल्यावर आम्ही डेपोसमोर धरणं धरलं. मी लिहिलेली तीन गाणी झाली. लोक चढत होते, उतरत होते, लघवीला जात होते. गेटवरचा वॉचमन शेवटपर्यंत उभा राहिला, तेवढा एकच श्रोता. मग जवळ येऊन मायेनं म्हणाला, "ताई, गानं चांगलं हाय. पन झोप येते."

त्याच डेपोच्या मागच्या अंगाला, भंगारात काढायच्या गाड्यांमध्ये, रोहिणीनं आपली गाडी ओळखली. टायर काढलेले, विटांवर उभी. ती मागच्या चाकाकडच्या खिडकीशी गेली. काच नव्हती.

गॅरेजमध्ये परत आलो. चहा आला. आणि रोहिणी एकाएकी ऑइलच्या रिकाम्या ड्रमवर चढली, गॅरेजच्या लोखंडी खांबाच्या गळ्यात पडली आणि तिनं ढावलो सुरू केला.

ढावलो म्हणजे काय ते सांगायला हवं. गोरमाटी लग्नात, म्हणजे आमच्या भागातल्या बंजारा लग्नात, नवरी निघताना एकेका माणसाच्या गळ्यात पडते आणि गाते. ते रडणं असतं आणि गाणंही असतं. एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला कळत नाही. आईचा वेगळा, बापाचा वेगळा, भावाचा वेगळा. लग्नाआधी म्हाताऱ्या बाया नवरीला घेऊन बसतात आणि शिकवतात. मी लहानपणी पहिल्यांदा ऐकला तेव्हा लग्नघर सोडून पळून आले होते.

रोहिणीनं तोच सूर घेतला, तोच लांब ओढलेला, मधे तुटणारा, आणि शब्द घातले वऱ्हाडीतले.

डेपोच्या दारी तुले कोन वो पुसनार,
टायरातली हवा तुह्या कोन वो भरनार.

नदीम हसून हसून इंजिनावर पडला. माझ्या नाकातून चहा आला. ड्रमवाल्यानं हुंदक्याच्या जागी झांज मारली आणि मग तर कोणालाच आवरेना. नदीमनं उठून गिटार लावली, आवाज फाडून, ओबडधोबड, अगदी तीनच सूर. रोहिणी वरून डोळे पुसत, हसत, गात होती. डोळे कशानं ओले होते, मी विचारलं नाही. गंमत म्हणून झालं ते. कोणाला दाखवायचं म्हणून नव्हतं.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला माझीच गाणी म्हणायची होती. पहिलं संपलं तेव्हा मागच्या बाकांवरून "बसा, बसा" सुरू झालं. रोहिणीनं नदीमकडे पाहिलं. नदीमनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आणि तिनं माइकच्या दांड्याच्या गळ्यात हात टाकला. तिसऱ्या ओळीला सगळा हॉल बाकांवर चढला होता. प्राध्यापक हसत होते. कोणीतरी मोबाइलमध्ये घेतलं.

होळी होऊन गेली होती, पळस झडून रस्त्याच्या कडेला लालकाळा चिखल झाला होता, जंगलाकडून मोहफुलांचा गोडसर, डोकं जड करणारा वास येत होता, आणि त्या वासात ते गाणं पसरलं. दारव्ह्याच्या एका बँडवाल्यानं ते क्लॅरिनेटवर बसवलं. डीजेवाल्यांनी खाली ढोल टाकला. पांढरकवड्याकडून आलेला एक ड्रायव्हर सांगत होता, ढाब्यावर हैदराबादकडचे ट्रकवाले शब्द न कळता त्यावर माना हलवतात. तांड्यावरची पोरं शाळेच्या फाटकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायला लागली. याडी तोंडाला पदर लावून हसायची आणि शेजारणीला सांगायची, "माह्या पोरीचा गळा हाय तो." मी तिला एवढी खुश कधी पाहिली नव्हती.

आणि सगळ्यात जास्त आवडलं कोणाला, तर एसटीवाल्यांना. डेपोतला एक ड्रायव्हर रिटायर झाला तेव्हा निरोपाला हेच गाणं वाजलं. ज्या खिडकीतल्या माणसानं प्रवासी नाहीत म्हणून सांगितलं होतं, तो म्हणे सगळ्यात पुढं नाचत होता.

मी तेव्हा खुश होते. वाटलं, आता कोणाला नाही म्हणता येणार नाही. सगळ्या जिल्ह्याला कळलं की सांजची यष्टी गेली. कुठल्या पत्रकानं एवढं काम केलं असतं?

साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी, नाव घेण्यात अर्थ नाही, त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच झालं असतं. सामूहिक विवाहाचा मांडव, माणसांचा समुद्र, पंख्यातून गरम वारा. मी निवेदन घेऊन पायऱ्या चढले. साहेब म्हणाले, "आधी गानं म्हना." गाणं झालं. "अजून एक डाव." पुन्हा झालं. साहेब स्वतः नाचले, कार्यकर्ते नाचले. मग घाम पुसत त्यांनी माइक घेतला, रोहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, यष्टी वापस आली तं तुमचं गानं कोन आयकन?"

सगळा मांडव हसला. निवेदन त्यांच्या पीएच्या हातात गेलं. आम्हाला शाल मिळाली.

परतताना काळीपिवळीत सोळा माणसं कोंबलेली होती आणि आम्ही दोघी एकमेकींच्या मांडीवर. रोहिणी बाहेर बघत होती.

"ताई, साहेब बोलले तवा मीबी हासली," ती म्हणाली. "कायले हासली मी?"

"स्टेजवर होतीस. हसूच येतं."

"नाई वो. मले खरंच हासू आलं."

त्या उन्हाळ्यात परीक्षा आणि लग्नं हातात हात घालून आली. रोहिणीनं पेपर दिले. वाचायला ती पहाटे चिंचेखाली बसायची, कारण दिवसभर कुठल्या ना कुठल्या मांडवातून तिचाच आवाज यायचा. गाडी बंद झाल्यावर मी यवतमाळात खोली घेतली होती, प्रॅक्टिकलच्या दिवसांत ती तिथं राहिली. सेकंड इयर सुटलं. थर्ड इयरला प्रॅक्टिकल रोज असतं, ते वर्षभर माझ्या खोलीवर राहून निघालं असतं, मी म्हटलंही. याडी म्हणाली, "तुह्या खोलीवर तू हायस, बाई. उद्या तुहं लगन झालं का खोली कोनाची? गाडी आली तं शिकवतो. नाई आली तं पाव्हणे पाहून राह्यलो."

पाव्हणे आले. पांढरकवड्याचे. मुलाचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान, दारूला शिवत नाही, स्वभाव साधा. तांड्यावर इतक्या मुली असताना ते नेमके हिच्याच दारात कसे आले, हे मी विचारलं तेव्हा मध्यस्थ सहज सांगून गेला. "पोराले गानं आवडलं. म्हने, हीच पाहाची, ते यष्टीवाली."

म्हणजे गाण्यानं काहीच आणलं नाही असं नाही. गाडी आणायला गेलं होतं, नवरदेव घेऊन आलं.

लग्न मे महिन्यातलं. दुपारचा मांडव, बर्फाच्या लाद्यांवर भुसा, कॅनमधलं पाणीसुद्धा गरम. लग्नाच्या आधीच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले होते. आतल्या खोलीत म्हाताऱ्या बाया तिला घेऊन बसल्या होत्या. खरा ढावलो. याडीच्या नावाचा. त्यातलं मला सगळं कळलं नाही, पण जो सूर गॅरेजमध्ये ऐकून माझ्या नाकातून चहा आला होता, त्याच सुराला या वेळी मी दारातच थांबले. ती चुकत होती, परत म्हणत होती. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रोहिणीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी कुठल्याही स्टेजवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हे एक तरी हिचं हिच्यापाशी राहिलं.

लग्नाच्या दिवशी निघायची वेळ झाली. नवरदेवाची गाडी उभी होती. रोहिणी याडीच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला.

पहिलीच ओळ. नवरदेवाकडच्या कोणीतरी शिट्टी मारली. कोणीतरी म्हणालं, "अरे, यष्टी, यष्टी." हसू फुटलं. मोबाइल वर झाले, आमच्याकडचे पण आणि त्यांच्याकडचे पण. आणि डीजेवर बसलेल्या पोराला वाटलं की फर्माइश आहे. त्यानं ढोल सोडला.

कोणी वाईट नव्हतं. मला हेच सोसत नाही. एक जरी माणूस वाईट असता तरी मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. ते सगळे प्रेमानं हसत होते. त्यांना वाटलं नवरी गंमत करते आहे, जाता जाता आपल्यासाठी म्हणते आहे. रोहिणीनं दुसरी ओळ घेतली, आवाज वाढवून, ढोलाच्या वर जायला बघत. तिसरी घेतली. पोरं नाचायला लागली. तेव्हा याडीनं आपला तळवा तिच्या तोंडावर ठेवला.

एवढंच. तळवा ठेवला आणि दाबून धरला. रोहिणी थांबली. बापाच्या गळ्यात पडायची होती, भावाच्या, काकीच्या. कोणाच्याच पडली नाही. चालत जाऊन गाडीत बसली. याडी तळहाताकडे बघत उभी होती, त्यावर पोरीच्या ओठांची लाली लागली होती. डीजे वाजत राहिला, कारण बंद कर असं त्याला कोणी सांगितलं नाही. मला सुचलं नाही. नदीम मांडवाच्या खांबाशी होता, तो म्हणाला, "चलो मॅडम, यहां से." त्यानंतर त्यानं डवऱ्यात वाजवलं नाही. डवरा संपला हेसुद्धा आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही.

त्यानंतर त्या तांड्यावर मी ज्या लग्नांना गेले त्यांत नवऱ्या गप्प गेल्या. एक तर हातात पाण्याची बाटली घेऊन, कॉलेजला निघाल्यासारखी गेली. म्हाताऱ्या बाया म्हणतात, आता पोरीच लाजतात. लाजत नाहीत. हसतील म्हणून भितात.

लोक मला आजही सांगतात, तुमचं गाणं काय हिट झालं होतं. माझं डोकं फिरतं. हिट म्हणजे काय झालं? ज्यांनी गाडी बंद केली ते नाचले, ज्यांची गाडी गेली तेही नाचले, आणि दोघं एकाच ठेक्यावर. भांडण होतं, ते गाण्यानं मिटवून टाकलं. मला भांडण पाहिजे होतं. माझी झोप आणणारी गाणी निदान भांडण तरी शाबूत ठेवत होती, असं मी स्वतःला समजावते. आणि मग आठवतं की ती वॉचमनशिवाय कोणी ऐकलीच नव्हती. म्हणजे न ऐकलेलं भांडण एकीकडे आणि नाचलेलं भांडण दुसरीकडे. या दोन्हींच्या मधे काही आहे का, ते मला अजून सापडलेलं नाही. माझ्या कामाची सगळी अडचण तिथंच आहे.

यंदा रोहिणीची धाकटी बहीण मोनिका सेकंड इयरला आहे. प्रॅक्टिकलच्या दिवसांत मैत्रिणीकडे राहून तिनं इथवर निभावलं, पण तीच प्रॅक्टिकलं, तोच फाटा, तोच पूल. गेल्या आठवड्यात, खिडकी लावून घेतली त्याच दिवशी, याडी बाजारात भेटली. भेंडी निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोनिकाचं औंदा शेवटचं. गाडी आली तं आली."

मी दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला गेले. रोहिणीचं घर दुकानाच्या मागेच. हायवेचा आवाज घरात अखंड, नदीसारखा. तिच्या नवऱ्यानं मला पाहून हातातला टायर सोडला, हात पुसले, थंडा मागवला. भला माणूस आहे. त्याच्या फोनची रिंगटोन तेच गाणं आहे. "मी समद्याइले सांगतो ताई," तो म्हणाला, "हे आमच्या घरचं हाय." रोहिणी आत मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी मोनिकाचं सांगितलं. डेपोसमोर बसायचं ठरतंय ते सांगितलं. मग जे मागायला गेले होते ते मागितलं.

"तू आलीस तर लोक जमतील. काहीतरी म्हण."

"काय म्हणू? खरं का गमतीचं?"

"जे चालेल ते."

"काय चालते ते तुले माहीत हाय ना." तिनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली. "पत्रकावर माहं नाव टाकशील?"

"टाकते. मोठं टाकते."

"नको टाकू." बाहेर फोन वाजला, तिचाच आवाज, दीड ओळ, मग नवऱ्यानं उचलला. तिनं निवडलेली पानं सुपात टाकली. मग म्हणाली, "मोनिकासाठी येतो मी. पन गाणार नाई. कोनी कितीबी म्हनलं तरी."

"मग करशील काय?"

"बसतो."

ती आली. काल. साधी साडी, डोक्यावर पदर, शेजारी मोनिका आणि मोनिकाच्या वर्गातल्या काही मुली. डेपोसमोरच्या फरशीवर बसली. पाच मिनिटांत लोक ओळखायला लागले. "अरे तेच, यष्टीवाली." गर्दी झाली, माझ्या तिन्ही गाण्यांना मिळून झाली नव्हती एवढी. वॉचमननं खुर्ची आणली, ती बसली नाही. एक कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "म्हना ना वो ताई, एक डाव." मोबाइल वर झाले आणि वर राहिले. हात दुखून एकेक खाली आला.

मागून कोणीतरी स्वतःच पहिली ओळ म्हटली. दोघातिघांनी साथ दिली. दुसऱ्या ओळीला त्यांना सूर सापडेना, रोहिणी समोर बसून त्यांच्याकडे बघत होती. ते थांबले. गाणं नाही, घोषणा नाही. माझ्या पिशवीत पत्रकं होती, ती मी वाटली नाहीत. आतून एक अधिकारी बाहेर आला. आवाज का नाही ते पाहायला आला असावा. त्यानं वॉचमनला विचारलं, "काय पाहिजे यांना?"

"सांजची गाडी," रोहिणी म्हणाली.

"वर कळवतो," तो म्हणाला आणि आत गेला.

ऊन शेडच्या आत सरकत आलं. आम्ही कोणी उठलो नाही, आणि आश्चर्य म्हणजे गर्दीतलेही बरेच उठले नाहीत. गाडीची जी वेळ होती, ती झाली. गेटमधून ती गाडी बाहेर आली नाही. कोणी हसलं नाही.